ठिणगी आणि रिसिव्हर: पेट्रोल विमानातलं सोवळं-ओवळं

"काऊल काढ जरा."

रेडिओवर उडवायचं, पेट्रोल इंजिनचं पहिलं मॉडेल विमान घेऊन मैदानावर आलेल्या माणसाला मी हे म्हणालो की त्याचा चेहरा उतरतो. चार महिने खपून केलेलं रंगकाम बघायचं सोडून हा काका नाकाचं झाकण कशाला काढायला लावतोय? मला दोनच गोष्टी बघायच्या असतात: ठिणगी पाडणारं सामान (इग्निशन) कुठे बसवलंय आणि रिसिव्हर, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरचे संदेश झेलणारी डबी, कुठे बसवलाय. दोघांत पुरेशी जागा असली तर बाकीच्या चुका मैदानावर निस्तरता येतात. नसली तर ते विमान त्या दिवशी उडत नाही, मग मालक कितीही रुसो.

बॅटरीचं किंवा ग्लो इंजिनचं विमान उडवून हात बसलाय आणि आता २० किंवा ३० सीसीचं पेट्रोल इंजिन घेतलंय, अशांसाठी हे लिहितोय. तुमची आधीची सवय इथे थोडी आड येणार आहे. ग्लो इंजिन एकदा सुरू झालं आणि प्लगला लावलेली बॅटरी काढली, की विजेचा संबंध संपतो. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीने आपली आपणच तापलेली राहते. त्यामुळे ग्लोच्या विमानात रिसिव्हर टाकीमागे कुठेही कोंबला तरी चालून जायचं. पेट्रोलला मात्र प्रत्येक फेरीला ठिणगी लागते. ८,००० आरपीएमवर फिरणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला १३३ ठिणग्या पडतात, आणि प्रत्येकीमागे हजारो व्होल्टचा दाब असतो.

ठिणगी म्हणजे जगातला पहिला रेडिओ ट्रान्समीटर. हाइनरिश हर्ट्झने १८८०च्या दशकात रेडिओ लहरी दाखवून दिल्या त्या ठिणग्या पाडूनच. आपले आताचे रेडिओ सेट ज्यावर चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झमधला हर्ट्झ तोच. ठिणगीची खोड अशी, की ती एका फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही, सगळ्या पट्ट्यांवर एकदम ओरडते. जुन्या पुणेकरांनी हे कानांनी ऐकलंय. सकाळी ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे लावलेलं असायचं, आणि खालून कुणाची स्कूटर गेली की बातम्यांच्या मधोमध टर्रर्र व्हायचं. तुमच्या विमानात ती स्कूटर रिसिव्हरपासून हातभर अंतरावर, एकाच लाकडी पेटीत बसलेली आहे.

"पण काका, आता सगळं २.४ वर आलंय. कसलं इंटरफिअरन्स?"

हा प्रश्न दर रविवारी येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. इग्निशनचा गोंगाट दहा-वीस मेगाहर्ट्झपासून काही शे मेगाहर्ट्झपर्यंत जोरात असतो आणि वर जाऊ तसा विरत जातो. म्हणून ७२ मेगाहर्ट्झच्या जुन्या सेटवर इंजिन फुल केलं की सर्वो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) नाचायचे, तसं २.४ वर सहसा होत नाही. पण गोंगाट काही फक्त अँटेनातूनच शिरतो असं नाही. तो वायरीतून चालत येतो: इग्निशनच्या बॅटरीतून, स्विचमधून, थ्रॉटलच्या धातूच्या दांडीवरून, सर्वोच्या लांब एक्सटेन्शनमधून. सर्वोला मिळणारा संदेश म्हणजे एक ते दोन मिलिसेकंदांचा छोटासा पल्स. त्या पल्सच्या कडेला ठिणगीचा एक काटा चिकटला तरी सर्वो दचकतो. रेडिओ कितीही नवा असला तरी त्या तीन वायरींची जात जुनीच आहे.

मी हे सगळं सोवळं-ओवळं या भाषेत समजावतो. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात जसं होतं अगदी तसं. इग्निशन मॉड्यूल (ठिणगीचा दाब तयार करणारी डबी), त्याची बॅटरी, त्याचा स्विच, प्लगची वायर, इंजिनवरचा सेन्सर आणि त्याची वायर हे सगळं ओवळं. रिसिव्हर, त्याची बॅटरी, त्याचा स्विच, सर्वो आणि त्यांच्या वायरी हे सोवळं. एकमेकांना शिवायचं नाही. आजीच्या नियमाला काही अर्थ होता की नव्हता हा वाद इथे नको. विमानात मात्र आहे.

आधी कागद, मग गोंद

बांधायला घेण्यापूर्वी फ्यूजलाजचं, म्हणजे विमानाच्या धडाचं, बाजूने चित्र काढा. इंजिन आणि फायरवॉल (इंजिनमागची भिंत) डावीकडे, शेपटी उजवीकडे. ओवळ्या गोष्टी लाल पेनाने फायरवॉलच्या पुढे किंवा लगेच मागे दाखवा. सोवळ्या गोष्टी निळ्या पेनाने, पंखाच्या मध्यावर किंवा त्यामागे. लाल आणि निळ्यामध्ये किमान ३० सेंटिमीटर म्हणजे एक फूट अंतर हवं. पट्टीने मोजा, नजरेने नको. लहान विमानात ३० सेंटिमीटर मिळणं जड जातं, तेव्हा इग्निशन मॉड्यूल इंजिनच्या बाजूला काऊलच्या आत स्पंजवर बांधून टाका आणि रिसिव्हर मागे सरकवा.

लोक इथे वजनाचा मुद्दा काढतात: नाक हलकं पडतंय म्हणून रिसिव्हरची बॅटरी पुढे घेतली. चालेल, पण मग ती इग्निशनच्या बॅटरीला खेटून नको, आणि तिची वायर प्लगच्या वायरीच्या सोबतीने धावायला नको. फ्यूजलाजची एक भिंत लालला आणि समोरची निळ्याला दिली तर अरुंद जागेतही निभावतं. जिथे दोघांना एकमेकांना ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात ओलांडू द्या. समांतर धावणाऱ्या वायरी एकमेकींच्या कानाला लागतात.

प्लगची टोपी

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपल्या आहेत.

इग्निशन मॉड्यूलमधून प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीवर धातूची विणलेली जाळी असते. ही जाळी म्हणजे ठिणगीच्या ओरडण्यावर घातलेलं पांघरूण. पण पांघरुणाचं एक टोक जमिनीला टेकलेलं हवं, तरच ते काम करतं. जाळी प्लगच्या धातूच्या टोपीला जोडलेली असते, टोपी प्लगच्या षटकोनी भागाला घट्ट बसते, आणि त्यातून जाळीचं इंजिनच्या बॉडीला अर्थिंग होतं. टोपी एक-दोन मिलिमीटर जरी वर राहिली, तरी अर्थिंग तुटतं, आणि मग तीच जाळी गोंगाट दाबण्याऐवजी अँटेनासारखी तो बाहेर फेकायला लागते. इंजिन मात्र छान चालू राहतं! त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

टोपी दाबून, थोडी फिरवून, खाली टेकल्याची खात्री करून बसवा. आत स्प्रिंगची रिंग असते, ती सैल झाली असेल तर बदला. टोपी नुसती बोटाने हलवून पाहिली आणि ती डुलली, तर ते इंजिन सुरू करू नका.

मग मल्टिमीटर घ्या. एक टोक टोपीच्या धातूला, दुसरं इंजिनच्या क्रँककेसला, म्हणजे खालच्या धातूच्या पेटीला. शून्याच्या जवळ ओहम दिसायला हवेत. नंतर एक टोक मॉड्यूलजवळच्या जाळीला आणि दुसरं क्रँककेसला. तेच उत्तर. रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर मध्ये आला तर इथे कळतं. जाळी काऊलच्या कडेला किंवा सायलेन्सरला घासत असेल तर तिचे धागे तुटायला लागतात, म्हणून वरून प्लास्टिकची जाळीदार नळी चढवा आणि वायर इंजिन माउंटच्या खांबाला टायने बांधा. वायर तीव्र कोनात वाकवू नका. आतलं इन्सुलेशन चिरलं की ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी वाटेतच जाळीवर उडी मारते.

आणखी एक, नवख्यांच्या हमखास हातून होणारी चूक. प्लग बाहेर काढून, टोपी हवेत लोंबकळत ठेवून "ठिणगी पडते का बघू" म्हणून प्रोपेलर फिरवू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर तो दाब मॉड्यूलच्या आतच फुटतो आणि मॉड्यूल कायमचं जातं. बघायचंच असेल तर प्लग टोपीत घालून, प्लगची बॉडी इंजिनला टेकवून बघा, आणि प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलचा वास येत नाही ना, ते आधी.

प्लगबद्दल थोडं. काही प्लगच्या आत रेझिस्टर असतो, साधारण ५ किलोओहमचा. तो करंटचा झटका मऊ करतो, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट कमी होतो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नावात मधे 'आर' अक्षर आलं की तो रेझिस्टरवाला समजायचा. पण प्रत्येक इग्निशनला तो मानवतोच असं नाही, म्हणून इंजिनच्या पुस्तिकेत लिहिलेलाच प्लग घाला. नाना पेठेत दुचाकीच्या पार्टांच्या दुकानात प्लगांचे ढीग मिळतील, पण आट्यांचा व्यास आणि लांबी नीट मोजल्याशिवाय "दिसायला तसाच आहे" म्हणून आणू नका. लांब प्लग पिस्टनला भेटतो.

गवत कापायच्या मशिनचं किंवा शेतातल्या पाठीवरच्या फवारणी पंपाचं इंजिन विमानाला बसवण्याची हौस असलेलेही काही जण असतात. हौस चांगली आहे, पण त्या इंजिनांना मॅग्नेटो (बॅटरीशिवाय, चुंबकावर ठिणगी पाडणारी जोडणी) असतो आणि प्लगची वायर बहुधा उघडी, बिनजाळीची असते. शेतात कोण रिसिव्हर घेऊन बसलंय! तिथे जाळी चढवणं, रेझिस्टरचा प्लग घालणं आणि इंजिन बंद करायच्या वायरीला रिसिव्हरपासून लांब ठेवणं, तिन्ही करावं लागतं. ती बंद करायची वायर थेट कॉइलला जोडलेली असते, म्हणजे तीही ओवळीच. पहिलंच पेट्रोल विमान असेल तर या वाटेला जाऊ नका.

दोन बॅटऱ्या, दोन स्विच

इग्निशनला स्वतःची बॅटरी द्या. "एकाच बॅटरीत दोन्ही भागवलं तर शंभर ग्रॅम वाचतात," हे गणित खरं आहे. पण नवख्याने ते वाचवू नये. रिसिव्हरची आणि इग्निशनची बॅटरी एक केली की सोवळ्यात ओवळं शिरायला सरळ रस्ता मिळतो. एकाच बॅटरीवर दोन्ही चालवायची खास सर्किटं मिळतात, त्यात गोंगाट गाळायची सोय असते. वर्षभर उडवून झाल्यावर त्यांचा विचार करा.

मॉड्यूलला किती व्होल्ट चालतात ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. जुनी ४.८ ते ६ व्होल्टवर चालायची, नव्यांतली बरीच दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीही सोसतात. अंदाजाने जोडू नका.

इग्निशन रेडिओवरून बंद करता यावं म्हणून किल स्विच हवाच. तो ऑप्टिकल जातीचा घ्या. त्यात रिसिव्हरच्या बाजूला एक छोटा दिवा आणि इग्निशनच्या बाजूला तो दिवा ओळखणारा डोळा असतो. मध्ये फक्त उजेड जातो, तांब्याची तार नाही. किल स्विचची डबी ओवळ्या बाजूला बसवा आणि तिच्याकडे जाणारी सर्वोची वायर लांब ठेवा. उलट केलं, म्हणजे डबी रिसिव्हरजवळ ठेवून इग्निशनची वायर मागे आणली, तर ऑप्टिकलचे पैसे पाण्यात गेले.

दोन्ही स्विच फ्यूजलाजच्या दोन वेगळ्या बाजूंना बसवा, आणि इग्निशनच्या स्विचशेजारी लाल अक्षरांत पाटी लावा. आमच्यातल्या एकाने "इथे हात लावण्यापूर्वी ट्रान्समीटर चालू आहे का ते पाहावे. अपमान होईल" अशी लावली आहे. पुण्यात पाटीशिवाय कुणी ऐकत नाही. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी ट्रान्समीटर, मग रिसिव्हर, सगळे सर्वो हलतायत हे बघून शेवटी इग्निशन. बंद करताना इग्निशन पहिलं.

थ्रॉटलची दांडी आणि बाकीचं धातुकाम

कार्बुरेटरचा हात धातूचा, तो इंजिनला जोडलेला. त्याला स्टीलची दांडी लावून ती थेट थ्रॉटलच्या सर्वोपर्यंत आणली, तर फायरवॉलला भोक पाडून ओवळ्याला आत बोलावल्यासारखंच झालं. इथे नायलॉनची दांडी वापरा, आणि इंजिनच्या टोकाला प्लास्टिकचं क्लेव्हिस किंवा बॉल लिंक, म्हणजे दांडी हाताला अडकवायचा जोड. कार्बन फायबरची दांडी हलकी आणि ताठ असते खरी, पण कार्बनमधून वीज वाहते, ती इथे नको. चोकच्या दांडीलाही हाच नियम.

धातू धातूवर सैल घासत असेल तर तोही थरथरताना स्वतःचा बारीक गोंगाट करतो. सैल बिजागऱ्या, डुलणारा सायलेन्सरचा बोल्ट, दुपंखी विमानाच्या ताणतारा. जुन्या सेटवर हे फार छळायचं. नव्यावर कमी, पण सैल बोल्ट तसाही घट्ट करायचाच असतो.

वायरी

पंखातल्या एलेरॉनकडे (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीकडे) जाणारी मीटरभर लांब सर्वो वायर म्हणजे आयती अँटेना. तिन्ही तारा एकमेकींना पीळ घालून घ्या, बाजारात तशा पीळ घातलेल्या मिळतातही. रिसिव्हरच्या जवळ फेराईटची रिंग घालून वायर तिच्यातून दोन-तीन वेळा फिरवा. उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट त्या रिंगेत अडतो आणि सर्वोचा संथ पल्स पार जातो. किल स्विचच्या वायरीलाही एक घाला. रिंगा बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. दुकानदाराला फ्रिक्वेन्सी विचारत बसू नका, "कॉम्प्युटरच्या केबलला असते तसली काळी, उघडझाप होणारी" म्हटलं की काढून देतो. मात्र रिंग हे औषध नाही, पथ्य आहे. टोपी सैल ठेवून दहा रिंगा घातल्यात तरी काही होणार नाही.

जादा लांबीच्या वायरीचं गुंडाळं करून रिसिव्हरशेजारी कोंबणं सोडा. योग्य लांबीची वायर घ्या किंवा कापून नीट कथील लावून जोडा, वर हीट श्रिंक.

अँटेना

७२ मेगाहर्ट्झच्या रिसिव्हरला मीटरभर लांब तार असायची. ती कापायची नाही आणि गुंडाळायची नाही, शेपटीपर्यंत सरळ न्यायची. कुणी जुना सेट दिला असेल तर हे लागू. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, त्यामुळे अँटेनाचं खरं काम करतं ते टोकाचं ३१ मिलिमीटर. बाकीची काळी वायर नुसती वाहतूक करते. ते टोक सरळ राहिलं पाहिजे. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा, म्हणजे विमान कुशीवर वळलं तरी एक तरी तुमच्याकडे नीट बघत असते. टोकं बॅटरी, पेट्रोलची टाकी, धातूची दांडी आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे कार्बन फायबर यांच्यापासून दूर. कार्बनचं फ्यूजलाज असेल तर टोकं बाहेर काढावीच लागतात. प्लास्टिकची सरबताची नळी चिकटवून तिच्यात टोक सरकवा, झकास बसतं.

तुमच्या हातातल्या ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने सर्वात कमी ताकद जाते. अँटेना वाकवून आडवी ठेवा.

इंटरफिअरन्स नव्हे, उपास

रिसिव्हर पाव सेकंद गप्प झाला की सगळे म्हणतात इंटरफिअरन्स. बऱ्याचदा तो उपाशी असतो. मोठ्या विमानाला लावलेले डिजिटल सर्वो एकदम जोर लावतात तेव्हा बॅटरीचे व्होल्ट क्षणभर कोसळतात, आणि रिसिव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बारीक वायरीचा स्विच, थरथरून सैल झालेला कनेक्टर, तीन पावसाळे बघितलेली बॅटरी ही नेहमीची कारणं. विमान जमिनीवर ठेवून, सगळ्या काड्या एकदम जोरात हलवत रिसिव्हरचे व्होल्ट बघा. टेलिमेट्री, म्हणजे विमानातले आकडे ट्रान्समीटरवर दाखवायची सोय, असेल तर ती किमान आकडा साठवते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये विमान माळ्यावर पडून असतं आणि दसऱ्याला बाहेर येतं. तेव्हा कनेक्टरच्या पिना हिरवट झालेल्या असतात. त्या आधी साफ करा आणि मग रेडिओला दोष द्या.

ट्रान्झिस्टर

घरात जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर टाकू नका. हा माझा सर्वात लाडका टूल आहे आणि त्याला खर्च शून्य. स्टेशनापासून थोडा बाजूला, नुसती सूं ऐकू येईल असा लावा. विमान घट्ट बांधून, मदतनिसाने शेपटीकडून धरून, इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वात मंद गतीवर, चालवा. ट्रान्झिस्टर घेऊन विमानाच्या मागच्या बाजूने जवळ या, प्रोपेलरच्या पुढे किंवा रेषेत कधीही नाही. इंजिनच्या तालावर टर्रर्र ऐकू येईल. जाळी आणि टोपी नीट असेल तर हा आवाज जवळ गेल्यावरच येतो आणि दोन-तीन पावलांत विरतो. दहा पावलांवरूनही स्पष्ट येत असेल तर कुठेतरी जाळी उघडी आहे. टोपी दाबून बसवा, पुन्हा ऐका. फरक कानाला कळतो.

यावरून २.४ वर किती त्रास होईल हे मोजता येत नाही, पण पांघरूण फाटलंय की नाही ते कळतं. व्होल्ट कमी करणारे स्वस्त स्विचिंग रेग्युलेटरही याच ट्रान्झिस्टरवर किंचाळताना सापडतात.

रेंज चेक, दोनदा

रेंज चेक म्हणजे संदेश किती लांब पोचतो ते बघणं. ट्रान्समीटर रेंज चेक मोडवर टाकला की त्याची ताकद मुद्दाम कमी होते. आधी इंजिन बंद ठेवून, विमान जमिनीपासून थोडं उंच, लाकडी स्टुलावर ठेवून, पुस्तिकेत दिलेल्या अंतरापर्यंत चालत जा. बऱ्याच सेटांना हे ३० पावलांच्या आसपास असतं. तिथून पुढेही जा, आणि नियंत्रण कुठे अडखळतं ती जागा चपलेने खूण करून ठेवा.

आता इंजिन चालू करून तेच. मदतनीस विमान धरणार, तुम्ही चालणार. आयडल, अर्ध थ्रॉटल, फुल, तिन्हीवर. दुसऱ्या वेळची खूण पहिलीच्या जवळपास पडायला हवी. खूप अलीकडे आली, किंवा फुल थ्रॉटलवर एखादा सर्वो थरथरला, तर विमान गाडीत. इंजिन बंद असताना केलेला रेंज चेक पेट्रोल विमानात फक्त अर्धा असतो, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय.

तेव्हा ७२ मेगाहर्ट्झचे दिवस होते. फुल थ्रॉटलवर वर चढताना माझे एलेरॉन झटके द्यायला लागले. मी खाली उभ्या असलेल्यांवर ओरडलो, "कुणी माझ्या चॅनेलवर ट्रान्समीटर लावला?" कुणीच लावला नव्हता. विमान ज्वारीत गेलं. नवा रिसिव्हर घेतला, चॅनेल ठरवणारा क्रिस्टल बदलला, मैदानाजवळच्या टॉवरला शिव्या घातल्या. महिनाभराने दुरुस्त केलेल्या विमानाची टोपी एका शाळकरी मुलाने बोटाने हलवली आणि विचारलं, "काका, हे सैल असतं का?" काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फेलसेफ

संपर्क तुटला तर रिसिव्हरने काय करायचं हे आधीच शिकवून ठेवायचं. पेट्रोल विमानात उत्तर एकच: थ्रॉटल आयडल आणि किल स्विच बंद. काही सेटांत फेलसेफची जागा बाइंड करताना, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसिव्हरची जोडी जमवताना, साठवली जाते. यात एक खड्डा आहे. आधी बाइंड केलं आणि नंतर थ्रॉटल चॅनेल रिव्हर्स केला, तर फेलसेफमध्ये इंजिन फुल होतं. म्हणून सगळं सेटिंग झाल्यावर पुन्हा एकदा बाइंड करा. मग इग्निशन बंद ठेवून ट्रान्समीटर बंद करा आणि कार्बुरेटरचा हात कुठे जातो ते डोळ्यांनी बघा. किल स्विचवरचा दिवा विझतो का तेही.

मैदान

शहरात उडवायचं नाही हे सांगायला नको. लोहगावचं विमानतळ हवाई दलाचंही आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. पुढे १२ किलोमीटरपर्यंत उंचीवर २०० फुटांची मर्यादा आहे. शिवाय खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि ठिकठिकाणी लष्कराच्या जागा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये मॉडेलांचाही उल्लेख आहे. ते आणि सरकारी नकाशातले लाल-पिवळे भाग निघण्यापूर्वी बघा. म्हणून आम्ही सासवडच्या पुढचं माळरान किंवा पीक निघालेलं शेत मालकाला विचारून शोधतो.

जागा निवडताना उच्च दाबाच्या विजेच्या तारा टाळा. दमट सकाळी त्यांच्या इन्सुलेटरवर बारीक ठिणग्या उडतात आणि त्या तुमच्या प्लगच्याच भाषेत ओरडतात. ट्रान्झिस्टर घेऊन एक चक्कर मारा, ऐकू येईल. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ पासून विनापरवाना आहे, त्यामुळे वायफायही तिथेच. रिसॉर्ट किंवा लग्नाच्या लॉनच्या कुंपणाला खेटून उभं राहू नका. मैदानावर आलेल्या मित्रांचे मोबाइल हॉटस्पॉटही ट्रान्समीटरपासून दूर.

नारायणगावकडे, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात मात्र हौस म्हणूनही जाऊ नका. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातले अतिक्षीण रेडिओ संदेश ऐकत असतात. ती जागा निवडतानाच रेडिओचा गोंगाट कमी असण्याचा विचार झाला होता. आपण ज्या ठिणगीला एका फुटावर ठेवून समाधान मानतो, ती त्यांच्यासाठी कानाशी फोडलेला सुतळी बॉम्ब आहे.

हवेत झटका आला तर

थ्रॉटल लगेच आयडलवर घ्या. गोंगाट इंजिनचा असेल तर तो तिथेच कमी होतो आणि नियंत्रण परत येतं. तेवढ्यात उतरवा. "अजून एक चक्कर मारून बघू पुन्हा होतंय का" हे कधीच नाही. आयडलवरही झटके राहिले तर किल स्विच, आणि विमान माणसं-गाड्यांपासून लांब, मोकळ्या बाजूला सरकवत न्या.

खाली आल्यावर रिसिव्हर चालूच ठेवा आणि टेलिमेट्रीचे किंवा रिसिव्हरने मोजलेल्या हुकलेल्या फ्रेम्सचे (संदेशांच्या तुकड्यांचे) आकडे लिहून घ्या, बंद केल्यावर काही सेटांत ते पुसले जातात. मग इग्निशनचा स्विच बंद करा, काऊल काढा, आणि टोपी बोटाने हलवून बघा.